मराठा पलटणींच्या वाटेने इटली : स्वतः गाडी चालवत करायच्या प्रवासाची तयारी

युरोपातल्या युद्धाच्या जागा पाहायचा प्रवास आखून घ्यायला आमच्याकडे येणारे बरेच जण यादी घेऊनच येतात. नॉर्मंडी, बर्लिन, ऑशविट्झ, अ‍ॅमस्टरडॅम, जमलं तर रोम, आणि हे सगळं दहा दिवसांत. नॉर्मंडीच्या किनाऱ्यापासून ऑशविट्झपर्यंतच दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. असा प्रवास केला की दिवस गाडीत जातो, संध्याकाळी दमून एखादं संग्रहालय पायाखालून जातं आणि घरी आल्यावर कुठे काय पाहिलं तेही नीट सांगता येत नाही. म्हणून आम्ही सरळ सांगतो : एक देश घ्या, एक मोहीम घ्या, आणि शक्य असेल तर एक नाव घ्या. त्या नावामागे जा.

महाराष्ट्रातून निघणाऱ्याला असा देश म्हणजे इटली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या ४थ्या, ८व्या आणि १०व्या डिव्हिजन इथे लढल्या. पन्नास हजारांवर जवान होते, त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) ६ भारतीयांचे आणि त्या सहांतले दोघे आपले मराठा : माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आणि निमजचे (अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) शिपाई नामदेव जाधव. दोघेही १९२१ सालच्या नोव्हेंबरातले, म्हणजे इटलीत होते तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे. त्यांच्या पलटणी ज्या रस्त्याने वर सरकल्या तो रस्ता आजही गाडीने जसाच्या तसा करता येतो. आमचा नऊ दिवसांचा आराखडा त्यावरच बेतलेला आहे.

आधी घरात शोधा

तिकिटं काढण्याआधी घरातली ट्रंक उघडा. पेन्शनचं पुस्तक, पदक, जुना फोटो, पलटणीचा नंबर असलेला एखादा कागद, काहीही चालेल. मग कॉमनवेल्थच्या युद्ध दफनभूमी सांभाळणाऱ्या आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. शोध मोफत आहे. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो, त्यामुळे एकाच नावाची दहा माणसं असली तरी आपलं माणूस ओळखता येतं. अडचण येते ती स्पेलिंगची. इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं आहे. जाधवचं ‘जाधाओ’ झालंय, मराठाचं ‘मऱ्हाटा’. एका स्पेलिंगने मिळालं नाही तर चार-पाच तऱ्हांनी बघा, नाहीतर नाव सोडून पलटण आणि साल टाकून बघा.

इथेच एक गोष्ट तपासून घ्या : तुमचे आजोबा-पणजोबा कुठल्या युद्धात होते? पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये लढल्या. त्या काळातलं नाव असेल तर ते इटलीत मिळणार नाही. पहिल्या युद्धात फ्रान्सला गेलेल्या भारतीयांसाठी न्यूव्ह शापेलचं स्मारक आहे, तिथे ४,७०० हून अधिक नावं आहेत. जवळच बेल्जियममध्ये ईप्र गावच्या मेनिन वेशीखाली रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजवून मानवंदना देतात. तो प्रवास वेगळा, तो आम्ही वेगळा आखून देतो.

रस्ता असा आहे

रोमला उतरा, पण गाडी विमानतळावरच घ्या आणि रोम शहरात शिरू नका. सरळ दक्षिणेला कॅसिनो. दोन तासांच्या आत पोचता. डोंगरावर मठ दिसतो, तोच मोंते कॅसिनो. १९४४ च्या जानेवारी ते मे या काळात इथे चार लढाया झाल्या. १५ फेब्रुवारीला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मठ जमीनदोस्त केला, आणि पडलेल्या दगडांच्या आड जर्मनांना उलट चांगला आसरा मिळाला. ४थ्या भारतीय डिव्हिजनने त्या उतारांवर फार माणसं गमावली. शेवटी १८ मे रोजी पोलिश सैन्य वर पोचलं. मठ पुन्हा पहिल्यासारखा बांधला आहे. वर जायला सुमारे ९ किलोमीटरचा वळणावळणाचा घाट आहे. घाटाची सवय आपल्याला आहे, तरी बसेस उतरत असतात, हळू चालवा. मठात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

खाली गावाबाहेर युद्ध दफनभूमी आहे. चार हजारांवर कबरी, आणि मधोमध पाण्याच्या हौदालगत हिरव्या संगमरवराचे उंच फलक. ज्यांचा देह मिळाला नाही किंवा ज्यांची कबर कुठे आहे हे कळलं नाही, अशांची चार हजारांवर नावं त्या फलकांवर आहेत. यशवंत घाडगे यांचं नाव इथेच आहे. ते लढले ते ठिकाण मात्र इथून बरंच उत्तरेला आहे. हे आधी ठाऊक नसलं की माणसं गोंधळतात.

दुसऱ्या दिवशी अपेनाइन डोंगर ओलांडून सांग्रो नदीच्या काठाकाठाने एड्रियाटिक समुद्राकडे उतरा. सांग्रो नदी दफनभूमीत आपल्या लोकांसाठी स्वतंत्र दहनस्मारक आहे, त्यावर पाचशेच्या वर भारतीय जवानांची नावं आहेत. हिंदू आणि शीख जवानांना बहुतेक वेळा अग्नी दिला जाई, म्हणून अनेकांच्या नावाने कबर नसते, फलकावर नाव असतं. नाव शोधताना हे विसरू नका. कबरींच्या रांगांतून फिरून निराश होऊन परतलेले लोक आम्ही पाहिले आहेत, आणि नाव तिथेच वीस पावलांवर होतं.

मग उत्तरेला, उंब्रिया प्रांतात मोन्तोने. टेकडीवरचं, तटबंदीतलं छोटंसं गाव. गाडी तटाबाहेर लावा. या टापूत, वरच्या टायबर खोऱ्यात, १० जुलै १९४४ ला नाईक घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. ते सोडून सगळे जवान मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. राहिलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. त्याच जागी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. २०२३ मध्ये मोन्तोनेत त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ ‘सारे एकाच सूर्याखाली’ असा होतो. शक्य असेल तर ऊन असताना जा, म्हणजे घड्याळाची सावली पडलेली दिसते. आणि परत आल्यावर एकदा माणगावला तहसील कार्यालयाच्या आवारातला त्यांचा पुतळाही बघून या. मुंबई-गोवा रस्त्याने आपण शंभरदा तिथून गेलेलो असतो.

मोन्तोनेहून फ्लॉरेन्स. इथे एका जागेसाठी वेळ राखून ठेवा, कारण ती बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत नसते. शहराच्या नैर्ऋत्येला मोन्तेगुफोनी नावाचा वाडा आहे. युद्धात फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रं बॉम्बपासून वाचवायला या वाड्यात आणून ठेवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली पलटण तिथे पोचली तेव्हा खोल्यांतून भिंतीला टेकून उभी असलेली चित्रं सापडली. त्यांत चित्रकार बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ (वसंत ऋतू) होतं. दारांवर पहारा आपल्या जवानांचा. सातारा-कोल्हापूरकडची पोरं, तोफा अजून जवळच वाजत होत्या, आणि पाठीमागच्या खोलीत पाचशे वर्षांपूर्वीचं वसंत ऋतूचं चित्र. आज तेच चित्र उफिझी संग्रहालयात आहे. आधी वाडा बघा आणि मग उफिझीत जा, हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवला आहे. उफिझी सोमवारी बंद असतं, तिकीट आधी काढलेलं बरं.

शेवटचा टप्पा डोंगरापलीकडचा : फोर्ली आणि सेनिओ नदी. फोर्लीची दफनभूमी खास भारतीय सैन्याची. आत शिरताना पाहाल, बऱ्याच दगडांवर इंग्रजी नावासोबत देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं आहे. इतक्या लांब, इटलीतल्या एका साध्या रस्त्याच्या कडेला आपली लिपी दिसते तेव्हा माणूस थबकतो. इथल्या दहनस्मारकावर सुमारे ८०० नावं आहेत, पलटणीप्रमाणे लावलेली. आमच्या एका ग्राहकाला त्यांच्या आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव इथे सापडलं. त्यांनी तिथूनच गावी आईला फोन लावला. आईने पहिलं विचारलं, “नाव नीट लिहिलंय का रे?” ते म्हणाले, “इंग्रजीत आहे, थोडं चुकलंय. पण गाव बरोबर आहे.” नोंदवहीत गावाचं नाव होतं.

फोर्लीहून थोड्या अंतरावर अल्फोन्सिने. इथे सेनिओच्या लढाईचं छोटं संग्रहालय आहे. ते बघून मग नदीवर जा. नदी पाहून वाटेल, एवढीशी? पण दोन्ही बाजूंचे पुराचे बांध उंच आहेत, आणि जर्मन त्या बांधांत खंदक खोदून बसले होते. ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधव यांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खांद्यावर घेऊन खोल पाण्यातून, चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत येऊन मशीनगनची तीन ठाणी गारद केली, हाताला गोळी लागलेली असताना. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची आरोळी ठोकली आणि मागच्या तुकड्यांना हात करून बोलावलं. जाधव जगले, १९८४ पर्यंत. बांधावर चढा आणि खाली पाण्याकडे बघा, उंची तिथेच कळते.

गाडी आणि कागदपत्रं

व्हिसा शेंगेनचा, मोठ्यांसाठी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटचा मुहूर्त पंधरा दिवस आधी. तोवर थांबू नका, मे महिन्याच्या सुट्टीसाठी तर अजिबात नाही. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. व्हिसा हातात आला की आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. आपला मूळ परवानाही सोबत लागतोच, नुसत्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर भागत नाही. गाडीची अनामत क्रेडिट कार्डावर अडकवतात आणि ते कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. बायकोच्या नावाचं कार्ड आणि नवऱ्याच्या नावाची गाडी, यात माणसं काउंटरवर अडकून पडतात.

ऑटोमॅटिक गाडीच घ्या, थोडी महाग पडली तरी. रस्ता उजव्या बाजूचा, स्टिअरिंग डावीकडे, त्यात उजव्या हाताने गिअर टाकायचा म्हणजे पहिले दोन दिवस सगळं लक्ष त्यातच जातं. इंडिकेटर लावायला गेलात की वायपर सुरू होईल, घाबरू नका. चौकातल्या गोल बेटाला उजवीकडून, घड्याळाच्या उलट दिशेने वळसा घालायचा आणि आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. हायवेवर वेगमर्यादा १३०, पावसात ११०. गावाबाहेर दिवसाही दिवे लावून चालवायचं. टोलनाक्यावर पिवळ्या टेलिपास रांगेत (आपल्या फास्टॅगसारखी) शिरू नका, तिकीट घेता येईल अशीच रांग धरा. पेट्रोलला तिथे ‘बेंझिना’ म्हणतात आणि ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. ‘गॅसोलीन’ समजून गासोलिओ भरलं की प्रवास तिथेच संपतो.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते झेडटीएलकडे. जुन्या शहरांच्या मध्यवस्तीत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पांढरी पाटी, लाल गोल, आणि वर कॅमेरा. अडवायला कोणी उभं नसतं. आमच्याच पहिल्या प्रवासात फ्लॉरेन्समध्ये हॉटेल शोधताना दोनदा एकाच कमानीखालून गेलो. दंड दोनदा आला, कित्येक महिन्यांनी, घरच्या पत्त्यावर. त्याआधी गाडी देणाऱ्या कंपनीने माहिती पुरवल्याचे पैसे कार्डातून वेगळे कापले होते. म्हणून आम्ही आता हॉटेलं शहराच्या कडेला, पार्किंग असलेलीच निवडतो आणि आत ट्रामने पाठवतो.

थोडं बाकीचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि १५ तारखेच्या आसपास अर्धा देश सुट्टीवर. २५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन, त्या दिवशी गावोगावी हार घालण्याचे कार्यक्रम असतात, लहान गावात असाल तर थांबून बघा.

शाकाहारी मंडळींचं जेवणावाचून अडत नाही, फक्त वेळ पाळावी लागते. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं ते रात्री साडेसातपर्यंत. फोर्लीकडे पियादिना नावाची पोळी मिळते, भाकरीसारखी तव्यावर भाजलेली, पण पारंपरिक पियादिनात डुकराची चरबी असते. ‘सेन्झा स्त्रुत्तो’ म्हणून विचारा, ऑलिव्ह तेलाची मिळते.

दफनभूमींत फाटकाजवळच्या भिंतीत एक छोटं दार असतं, आत नोंदवही आणि अभिप्रायाची वही. वहीत मराठीत लिहा. उदबत्ती, हळदकुंकू फलकावर लावू नका, दगडावरचा डाग निघत नाही. फुलं ठेवा, ती तिथल्याच बाजारातून घ्या.

पहिल्या भेटीला येताना पासपोर्ट नको, ट्रंकेतले कागद आणा. पदकावर नाव असेल तर ते कडेला किंवा मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात कोरलेलं असतं. पुसू नका, घासू नका, तसंच घेऊन या. आमच्याकडे भिंग आहे.