मेंदूच्या गोलार्धांमधील जोडणी आणि स्वमग्नता

मेंदूच्या डाव्या व उजव्या गोलार्धांमधली देवाणघेवाण मुख्यतः कॉर्पस कॅलोसम या मज्जातंतूंच्या जाड पट्ट्यातून चालते. प्रौढ माणसात त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्यांमध्ये हा पट्टा सरासरीने काहीसा लहान असल्याचे अनेक एमआरआय अभ्यासांत आढळले. मात्र ही सरासरी आहे. एखाद्याच्या स्कॅनवर नजर टाकून स्वमग्नतेचे निदान करता येत नाही.

नुसत्या आकारापेक्षा दोन्ही बाजूंच्या कामातला मेळ अधिक बोलका ठरतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते साडेतीन वर्षांच्या मुलांचे स्कॅन ती गाढ झोपेत असताना घेतले गेले. जागेपणी इतकी लहान मुले यंत्रात स्थिर राहणे कठीणच. झोपेतही मेंदूतल्या भाषेशी निगडित भागांची सक्रियता डावीउजवीकडे बरोबरीने चढतउतरत असते. स्वमग्न मुलांपैकी बहुतेकांमध्ये हा मेळ क्षीण होता; ज्यांची केवळ भाषा उशिरा विकसित होत होती त्यांच्यात तो तसा नव्हता.

वय लक्षात घेतले की चित्र गुंतागुंतीचे होते. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या बाळांमध्ये सहाव्या महिन्यात हा पट्टा उलट अधिक मोठा व जाड होता, आणि दोन वर्षांपर्यंत फरक बराच ओसरला, असे २०१५ मध्ये दिसले. म्हणजे प्रश्न वाढीच्या वेगाचाही असू शकतो. त्याच वर्षी अनेक केंद्रांची माहिती एकत्र तपासणाऱ्या दुसऱ्या गटाला आकारात ठळक फरक सापडला नाही. मेंदू मोठा असेल तर पट्टा त्या प्रमाणात वाढत नाही, आणि हा हिशेब जुन्या अभ्यासांत नेहमी नीट मांडलेला नव्हता. स्कॅनच्या वेळी डोके हलल्यानेही जोडणी आहे त्यापेक्षा कमकुवत भासते.

जन्मतः कॉर्पस कॅलोसम नसलेल्यांपैकी काहींमध्ये स्वमग्नतेची लक्षणे दिसतात, अनेकांत दिसत नाहीत. ‘रेन मॅन’ (१९८८) या चित्रपटातल्या स्वमग्न नायकामागची प्रेरणा असलेले किम पीक यांना हा पट्टा नव्हता, पण ते स्वमग्न नव्हते असे पुढे मानले गेले. त्यांना स्वमग्न म्हणण्याची गफलत अजूनही वाचायला मिळते. आकडी रोखण्यासाठी ज्यांचा पट्टा मोठेपणी शस्त्रक्रियेने कापला गेला, ज्यांच्यावरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल मिळाले, ते रुग्णही त्यामुळे स्वमग्न झाले नाहीत.