७.६५ की .३२? पिस्तुलाचा बोअर बदलण्यामागचा इतिहास

गोव्यात फोंड्याच्या आमच्या जुन्या घरात आजोबांच्या कागदपत्रांत एकाच पिस्तुलाचे दोन परवाने आहेत. पहिला पोर्तुगीज अमदानीतला. त्यावर 'कालिब्रे ७,६५' असं लिहिलेलं आहे, दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम, पोर्तुगीज रीतीप्रमाणे. दुसरा मुक्तीनंतरचा, आणि त्यातल्या बोअरच्या रकान्यात .३२. पिस्तुलाचा क्रमांक दोन्हीकडे तोच. लहानपणी मला वाटायचं, मधल्या काळात कुणा कारागिराने त्याची नळी बदलून दिली असणार.

तसं काही झालं नव्हतं. ते पिस्तूल म्हणजे बेल्जियममधल्या एफएन कारखान्याचं ब्राउनिंग १९१०. अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९० च्या दशकाच्या अखेरीस जे छोटं काडतूस तयार केलं, त्याला युरोपात ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग म्हणतात आणि अमेरिकेत .३२ एसीपी. आपल्याकडे तेच '.३२ बोअर'. मजा अशी की .३२ इंच म्हणजे सुमारे ८.१ मिलिमीटर, ७.६५ मिलिमीटर म्हणजे सुमारे .३० इंच, आणि प्रत्यक्ष गोळीचा व्यास या दोहोंच्या मधे, ७.९ मिलिमीटरच्या आसपास. यातलं एकही नाव फूटपट्टी लावून ठेवलेलं नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात सत्ता बदलली आणि तिच्याबरोबर या काडतुसाचं नावही.

पण बोअर खरोखर बदलण्याचाही मोठा इतिहास आहे. तो वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली: जास्त ताकदीच्या हौसेने असे बदल कमी झाले, बहुतेक वेळा त्यांच्यामागे कायदा, तुटवडा किंवा काडतुसाची किंमत होती.

आधी 'बोअर' या शब्दाविषयी. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जितकी जाड होईल तितक्या रुंदीची नळी. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. पिस्तुलांचे .३२, .४५ असे आकडे मात्र इंचातले, तिथे आकडा वाढला की गोळी जाड. गोव्यात सत्तरी-सांग्याकडे पिकं राखायला ज्या ठासणीच्या बंदुका असत, त्यांना या हिशेबाने फारसा फरक पडत नसे. नळीत बसेल तेवढी दारू आणि छर्रे, वरून ठासणी. बंदूक घडवण्याची कला गोव्याला परकी नव्हतीच. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजा मानुएलला कळवलं होतं की इथले कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात. आदिलशाही काळापासून हात बसलेली ती माणसं होती.

आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाचं मात्र वेगळं आहे. साध्या बंदुकीत नळी म्हणजे नुसती वाट. इथे काडतूस हेच यंत्राचं इंजिन असतं. बार उडाला की त्याच्या धक्क्याने वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं, स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसांच्या पेटीतलं, पुढचं काडतूस नळीत बसतं. स्लाइडचं वजन, स्प्रिंगचा ताण, टरफलाची कड धरणारा आकडा, मॅगझिनच्या तोंडाचा कोन, सगळं त्या एका काडतुसावर बेतलेलं. काडतूस बदललं की सगळं गणित विस्कटतं. कमकुवत काडतूस घातलं तर स्लाइड पुरती मागे जात नाही. जास्त जोराचं घातलं तर स्लाइड आपटून पोलाद थकतं आणि एक दिवस हातात फुटतं.

या अडचणीतून पहिली सुंदर वाट काढली गेऑर्ग लुगरने. त्याचं पिस्तूल १९०० साली स्वित्झर्लंडच्या सैन्याने स्वीकारलं, ७.६५ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसासाठी. हे काडतूस ब्राउनिंगच्या ७.६५ पेक्षा पूर्ण वेगळं, लांब आणि बाटलीसारखं निमुळत्या गळ्याचं. जर्मन सैन्याला गोळी अधिक जाड हवी होती. १९०२ मध्ये लुगरने त्या बाटलीचा गळाच काढून टाकला आणि तिथे ९ मिलिमीटरची गोळी बसवली. बूड तेच राहिलं, म्हणून मॅगझिन तेच, मागचा सगळा भाग तोच. बदलायची ती फक्त नळी. आज जगभर चालणारं ९ मिलिमीटर पॅराबेलम असं जन्मलं. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वात देखणा क्षण वाटतो, कारण लुगरने यंत्राला न दुखवता काडतूस बदललं.

पहिल्या महायुद्धानंतर हीच सोय उलट्या दिशेने कामी आली. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर शस्त्रांची बंधनं घातली. नागरी बाजारात लष्करी ९ मिलिमीटर आणि लांब नळी चालेना. तेव्हा सैन्यातून आलेल्या लुगर पिस्तुलांना ७.६५ च्या आखूड नळ्या बसवून ती विकली गेली. १९०२ ला जे पुढे गेलं ते वीस वर्षांत कायद्याने मागे आणलं.

पोर्तुगालची कथा आपल्याला जवळची. त्यांच्या लष्कराने १९०९ च्या नमुन्याची लुगर घेतली, ७.६५ पॅराबेलमची, आणि त्यांवर राजा दुसरा मानुएल याची मुद्रा होती. पुढच्याच वर्षी राजेशाही गेली. मग महायुद्ध सुरू झालं, जर्मनीकडून माल येणं थांबलं, आणि पोर्तुगालने अमेरिकेतून सॅव्हेज पिस्तुलं मागवली. ती ७.६५ ब्राउनिंगची! म्हणजे एकाच सैन्यात दोन '७.६५' नांदत होती आणि एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नव्हतं. १९४३ मध्ये ९ मिलिमीटरची लुगर आली, तेव्हा निदान आकडा तरी निराळा झाला.

आकड्यांचा घोळ किती जिवावर बेतू शकतो, हे जर्मनांनी ओळखलं होतं. माउझरचं सी९६ हे लांब नळीचं पिस्तूल मुळात ७.६३ मिलिमीटरचं. आपल्याला ते ठाऊक आहे ते रोडा या बंदूक-विक्रेत्या कंपनीच्या प्रकरणामुळे: २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात बंगाली क्रांतिकारकांनी ५० माउझर आणि ४६ हजार काडतुसं पळवली. युद्धात पिस्तुलं कमी पडू लागली तेव्हा, १९१६ मध्ये, जर्मन सैन्याने दीड लाख सी९६ मागवली, पण आपल्या ९ मिलिमीटर काडतुसासाठी बदलून. चुकीचं काडतूस भरलं जाऊ नये म्हणून मुठीच्या लाकडावर मोठा ९ कोरून त्यात लाल रंग भरला. संग्राहक त्याला आजही 'लाल नऊ' म्हणतात. बोअर बदललेल्या हत्यारावर तसं ठळकपणे लिहिलेलं असलंच पाहिजे, हा धडा त्या लाल आकड्यात आहे.

अमेरिकेत कारण होतं पैसा. कोल्टचं १९११ हे .४५ चं पिस्तूल. जोरदार, आणि त्याची काडतुसं महाग. सरावाला .२२ चं स्वस्त काडतूस वापरता आलं तर? १९३१ मध्ये कोल्टने 'एस' नावाचं .२२ चं पिस्तूल काढलं. अडचण वर सांगितलेलीच. .२२ चा धक्का इतका हलका की .४५ ची जड स्लाइड त्याला हलवेना, म्हणून स्लाइड हलकी करावी लागली. पण हलक्या स्लाइडमुळे हाताला .४५ चा झटका जाणवत नाही, आणि मग तो सराव कसला?

यावर तोड काढणारा माणूस होता डेव्हिड मार्शल विल्यम्स. नॉर्थ कॅरोलिनात खुनाच्या गुन्ह्यात तो तुरुंगात होता. १९२९ मध्ये सुटला. तुरुंगाच्या कामशाळेतच त्याने बंदुकीच्या यंत्रांवर विचार सुरू केला होता. त्याची कल्पना अशी: काडतूस बसतं तो नळीचा मागचा तुकडा वेगळा करायचा आणि त्याला थोडं सरकू द्यायचं. बार उडाला की वायू त्या तुकड्याच्या पुढच्या कडेवरही दाबतो आणि तुकडा पिस्टनसारखा मागे धडकतो. .२२ चा धक्का कितीतरी पटीने मोठा होतो. १९३७ ची 'सर्व्हिस एस' याच तत्त्वावर होती. पुढच्या वर्षी कोल्टने सुटा संच बाजारात आणला: खाली तुमचंच .४५ चं पिस्तूल, वर .२२ चा संच. शिवाय .२२ वाल्यांना .४५ कडे जाण्यासाठी उलटा संचही! पुढच्या काळात बोअर बदलण्याचे जे तयार संच आले, त्यांची वाट इथूनच सुरू होते.

खेळात ही कल्पना स्थिरावली. वाल्थर, पार्दिनी अशा कंपन्यांच्या नेमबाजीच्या पिस्तुलात मूठ तीच ठेवून .२२ आणि .३२ हे दोन्ही संच बसवता येतात. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात नियमाने ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरचं काडतूस लागतं, आणि .३२ तिथे शांत आणि अचूक (हे .३२ मात्र ब्राउनिंगचं नव्हे, त्याच आकड्याचं वेगळं काडतूस). जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत या प्रकारात ५९० गुणांनी विश्वविक्रमाशी बरोबरी केली.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. भारतात नागरिकाच्या हाती .३२ च का? याचं मूळ ब्रिटिश धोरणात आहे. सैन्याचं काडतूस चोरून बंडखोरांच्या बंदुकीत जाऊ नये म्हणून लष्करी बोअर सामान्यांना मना. १९०७ च्या सुमारास .४५० च्या काडतुसांवर बंदी आली, तेव्हा इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांनी शिकाऱ्यांसाठी .४७० आणि .४६५ अशी नवी मापं तयार केली. एका सरकारी हुकमाने अख्खी काडतुसं जन्माला आली! स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९६२ पासून लागू झाला, आणि तो विचार 'प्रतिबंधित बोअर' या शब्दांत टिकून राहिला. ९ मिलिमीटर, .३८, .४५५ त्यात; .३२ बाहेर. प्रतिबंधित बोअरचा परवाना केंद्रीय गृहखात्याकडे, बाकीचा जिल्हाधिकाऱ्यांकडे.

म्हणून परदेशी व्हिडिओ पाहून कुणी नळी बदलण्याची गोष्ट काढतं, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. तिथे तो शनिवार-रविवारचा छंद असेल. इथे शस्त्राचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र'च आहेत. शस्त्रात फेरबदल करायला वेगळा परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातलं अग्निशस्त्र विनापरवाना दुसऱ्या वर्गात नेण्याला स्पष्ट मनाई केली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनवर आली. ब्राउनिंग १९१० तर कारखान्यातूनच ७.६५ आणि ९ मिलिमीटर शॉर्ट अशा दोन्ही मापांत निघत असे; सारायेव्होला १९१४ मध्ये ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याच्यावर झाडलं गेलं ते ९ शॉर्टचं. पण परवाना एका विशिष्ट बोअरचा असतो. कागदावरचा बोअर आणि नळीतला बोअर जुळला नाही, की वारसाने आलेली वस्तू गुन्ह्याचा पुरावा होते.

दर निवडणुकीआधी काका आमचं पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करतात. पावतीवर .३२ लिहिलं जातं. टरफल बाहेर पडतं त्या खिडकीतून नळीवर कोरलेलं ७.६५ दिसतं. नवा हवालदार असला की तो थबकतो, दोन्ही आकडे पाहतो आणि विचारतो. काका पोर्तुगीज परवान्याची प्रत सोबत नेतात. ती पुढे करतात आणि समजावतात, काडतूस एकच, नावं दोन.