अमेरिकेतली पत्रं, नॉर्वेतल्या पेट्या: स्थलांतरितांचे घरगुती कागद जपायला सुरुवात कशी झाली

नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या साध्या शेतकरी माणसांचा इतिहास लिहायचा तर कागद शोधायला परत नॉर्वेलाच जावं लागतं. ऐकायला उलटं वाटतं पण साहजिक आहे, पत्र लिहिणाऱ्याकडे थोडंच राहतं, ते ज्याला पोचलं त्याच्या घरात राहतं. त्यामुळे विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवातल्या पहिल्या पिढीचं रोजचं जगणं, म्हणजे पीक किती आलं, मजुरी काय मिळते, कोण तापाने गेलं, हे सगळं नॉर्वेतल्या कुठल्यातरी शेतघरात पेटीच्या तळाशी पडून होतं, आणि हे मुद्दाम गोळा करून जपायला हवं असं फार उशिरा कुणाला तरी सुचलं.

या स्थलांतराची सुरुवात १८२५ ची. ४ जुलैला स्टव्हांगर बंदरातून 'रेस्टोरासियोन' नावाचं छोटंसं जहाज ५२ माणसं घेऊन निघालं, वाटेत एक मुलगी जन्मली, ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला ५३ जण पोचले. पोचल्या पोचल्या जहाज जप्त, कारण एवढ्याशा जहाजात इतके प्रवासी आणणं तिथल्या कायद्यात बसत नव्हतं, वर ३१५० डॉलर दंड, तो शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफ केला. हा सगळा किस्सा इतक्या तपशीलात माहीत आहे कारण तो सरकारी दप्तरात गेला, आणि सरकारी कागद सांभाळायला पगारी माणूस असतो. घरच्या पत्राला कोण असतं?

तरी सुरुवातीची काही पत्रं टिकली ती वेगळ्याच कारणाने. येर्त होव्लांड हा १८३१ ला गेलेला माणूस, त्याची १८३० च्या दशकातली पत्रं गावोगाव हाताने उतरवून घेतली गेली, एकाने उतरवलं की दुसरा त्यावरून उतरवणार, जमीन स्वस्त आहे आणि कुणापुढे टोपी काढावी लागत नाही हे ऐकायला लोक जमायचे. बर्गनचे बिशप न्यूमन यांनी १८३७ मध्ये शेतकऱ्यांना उद्देशून जाहीर इशाराच काढला की बाबांनो देश सोडू नका, म्हणजे बघा पत्रांचा धसका केवढा होता. वर्तमानपत्रंही अशी पत्रं छापायची. पण यात एक गोम आहे. जे पसरलं ते बरंचसं जायचं की नाही या वादासाठी पसरलं, एक तर अमेरिका म्हणजे स्वर्ग नाहीतर नरक. "इकडे सगळं ठीक, तुमची तब्येत कशी" छाप पत्र कोण कशाला उतरवून घेईल.

आणि खरा माल तर तिथेच असतो. ग्रो स्वेन्सन ही नॉर्वेतल्या हालिंगदालची मुलगी १८६२ ला नवऱ्याबरोबर गेली, आयोवात एस्टरव्हिलजवळ राहिली. माहेरी लिहिताना ती सांगते की इथल्या उन्हाळ्यात दूध टिकतच नाही, माश्या आणि किडे इतके की चीज करणंही अशक्य. डोंगरावरच्या गार हवेत दुधदुभतं करत वाढलेल्या बाईला हे किती मोठं असेल! १८७८ ला ती बाळंतपणात गेली, पत्रं हालिंगदालला राहिली आणि १९५० मध्ये इंग्रजीत पुस्तक होऊन आली. दुसरी गुरी एन्ड्रेसन, मिनेसोटातली. १८६२ च्या ऑगस्टमध्ये डकोटा युद्धात (डकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन गेलेली, ठरलेले पैसे वेळेत मिळालेले नाहीत, त्यातून पेटलेलं) तिचा नवरा आणि एक मुलगा मारला गेला, दोन मुली पकडल्या गेल्या पण सुटून आल्या. याबद्दलचं तिचं जे पत्र आपल्या हाती आहे ते डिसेंबर १८६६ चं, आईला आणि मागे राहिलेल्या मुलीला लिहिलेलं. चार वर्षांनी! त्या दिवसांत मरणाशिवाय दुसरं काही डोक्यातच येत नव्हतं म्हणून लिहिणं झालं नाही, अशा अर्थाचं ती सुरुवातीलाच सांगते.

शंभर वर्षांत साधारण आठ लाख माणसं गेली, त्यामुळे पत्रं किती असतील याचा अंदाज करा. मात्र जपणुकीत आधी नंबर लागला तो वस्तूंचा. आयोवात डेकोराच्या लूथर कॉलेजने १८७७ पासून संग्रह सुरू केला, त्याचंच आज वेस्टरहाइम म्युझियम झालंय. पेटाऱ्यावरची नक्षी कुणालाही आवडते, त्या पेटाऱ्यातला गॉथिक या जुन्या लिपीवळणाचा मजकूर वाचायला मात्र डोळे फोडावे लागतात.

मग पहिलं महायुद्ध आलं. २३ मे १९१८ ला आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी फतवा काढला की शाळेत, चर्चमध्ये, ट्रेनमध्ये, फोनवर, चारचौघांत फक्त इंग्रजी बोलायचं. तो टिकला काही महिनेच, आणि रोख मुख्यतः जर्मनवर होता, पण नॉर्वेजियन घरांनाही धडकी भरली. भाषा तशीही मुलांच्या तोंडून चाललीच होती, त्यात ही भर. जपणुकीची घाई सुरू झाली ती यानंतर, आणि मला तरी हा योगायोग वाटत नाही.

१९२५ च्या जूनमध्ये मिनेसोटात शताब्दीचा प्रचंड सोहळा झाला, राष्ट्राध्यक्ष कूलिज स्वतः भाषणाला, पोस्टाने दोन खास तिकिटं काढली, त्यातल्या दोन सेंटच्या तिकिटावर तेच जुनं जहाज. सोहळे होतात आणि संपतात, पण या वेळी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्थफील्डच्या सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन स्थापन झाली. सेक्रेटरी होते कादंबरीकार ओले रोल्वाग, संपादनाचं काम इतिहासकार थिओडोर ब्लेगन यांच्याकडे. रोल्वाग स्वतः स्थलांतरित, त्यामुळे घराघरातल्या कागदांची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागत नव्हती. ब्लेगन १९२८ मध्ये गुगेनहाइम फेलोशिपवर नॉर्वेला गेले आणि तिथे ही पत्रं शोधून त्यांच्या नकला अमेरिकेत आणल्या. राजकारणी आणि पाद्री यांच्यापलीकडे इतिहास असतो हे त्यांनी या पत्रांच्या जोरावर लावून धरलं.

तरी त्या काळच्या संग्रहांचा ओढा पायोनियर शेतकऱ्याकडे, हे मान्य करायला हवं. शिकागोतली मोलकरीण, ब्रुकलिनचा खलाशी, हरून गावी परतलेला माणूस, यांचे कागद फार कमी. पुढे बर्गनचे प्राध्यापक ओर्म ओव्हरलांड आणि नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले स्टाइनार खैरहाइम यांनी १९९२ पासून पत्रांचे खंडच्या खंड काढले, त्यात निवडक चमकदार पत्रांपेक्षा नेहमीची, कंटाळवाणी, पैशांची आणि आजारपणाची पत्रं भरपूर आली. संशोधकाला हीच हवी असतात. यातली कितीतरी पत्रं आता नॉर्वेच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या वाचता येतात.

डिजिटल झालं म्हणून डोकेदुखी संपत नाही. त्या काळी नॉर्वेत आडनाव म्हणजे बापाचं नाव, नाहीतर ज्या शेतावर राहतो त्या शेताचं नाव, अमेरिकेत गेल्यावर कुणी एक धरलं कुणी दुसरं, सख्खे भाऊ वेगवेगळ्या आडनावांनी राहिले. नुसतं 'तुमचा मुलगा ओले' अशी सही असेल आणि पाकीट हरवलं असेल तर तो कोण ओले हे शोधायला चर्चची नोंदवही, जनगणना, जहाजाची यादी, सगळं धुंडाळा.

आणि अर्धा पत्रव्यवहार तर अजून सापडायचाच आहे. नॉर्वेतून अमेरिकेला आलेली पत्रं, आईवडिलांची, मागे राहिलेल्या भावंडांची, ती मुळात त्या लाकडी खोपटांतून, गावं बदलत, वाचवणंच अवघड होतं, आणि जी राहिली ती नातवंडांच्या हाती पडली तेव्हा त्यांना ना भाषा येत होती ना ते वळण. न वाचता येणारा गठ्ठा घर रिकामं करताना कुठे जातो ते सांगायला नको. म्हणूनच आजही एखाद्या पणतीने आजीच्या माळ्यावरचा खोका नॉर्थफील्डला नेऊन दिला तर आधी बघितलं जातं की ही पत्रं कुठल्या दिशेची आहेत.