कवड्या आणि मण्यार: घरात शिरणारे दोन पट्टेवाले

पावसाळ्यात विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात सकाळी उकिरड्यापाशी ठेचून टाकलेला पट्ट्यापट्ट्यांचा साप दिसला, की भोवती जमलेली माणसं एकच नाव घेतात: मण्यार. जवळून पाहिलं तर पुष्कळदा तो बिचारा कवड्या निघतो. एवढ्यावरच थांबलं असतं तर एका बिनविषारी सापाचा जीव गेला म्हणून हळहळलो असतो. पण हीच गफलत उलट दिशेनेही होते. खरी मण्यार समोर वेटोळं घालून पडलेली असते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘काही करत नाही, गरीब साप आहे.’

अडचण अशी की या जोडीत वागणुकीवरून बांधलेला प्रत्येक अंदाज उलटा पडतो. तापट असतो तो निरुपद्रवी. थंड पडून राहते ती जहाल विषारी.

आधी रूप. कवड्या तपकिरी किंवा करडा असतो, पण काही कवड्ये इतके गडद असतात की बॅटरीच्या उजेडात काळेच वाटतात. त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नये. पट्टे कुठून सुरू होतात ते पाहावं. कवड्याचा पहिला पांढरा-पिवळसर पट्टा थेट मानेवर असतो, चांगला रुंद, आणि शेपटीकडे जाता जाता पट्टे पुसट होत विरून जातात. मण्यारीचं याच्या उलट. अंग निळसर झाक असलेलं काळंभोर, तेल लावल्यासारखं चकचकीत. मानेजवळचा भाग बहुधा कोरा, फार तर तिथे पांढरे ठिपके. पट्टे थोडं अंतर सोडून सुरू होतात, बारीक असतात, अनेकदा जोडीजोडीने येतात आणि शेपटीकडे अधिक ठळक होतात. डोक्याकडूनही फरक कळतो. कवड्याचं डोकं चपटं, मानेहून जरा रुंद, डोळे काळे आणि बटबटीत. मण्यारीची मान कुठे सुरू झाली ते चटकन कळतच नाही. तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, कवड्याला ती नसते. पण ही खूण मोबाइलवर लांबून काढलेला फोटो मोठा करूनच शोधावी. त्यासाठी वाकून बघायला जाऊ नये.

लांबीचा हिशेब मोठ्या सापांपुरता ठीक आहे. कवड्या दीड-दोन फुटांचा, मण्यार साधारण तीन फुटांची आणि कधी पाच फुटांपर्यंतही जाणारी. घात होतो तो पिल्लांमुळे. मण्यारीचं पिल्लू फूटभराचं असतं, त्याचे पट्टे पुढच्या भागातही स्पष्ट असू शकतात, आणि पावसाळ्यात ही पिल्लं फिरू लागतात. म्हणजे ज्या वेळी गाठ पडण्याचा संभव जास्त, त्याच वेळी ओळख सगळ्यात कच्ची. उलट म्हाताऱ्या मण्यारीचे पट्टे इतके फिके पडतात की ती नुसती काळी दिसते. (गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे पट्टेरी मण्यारही आहे. पण तिच्या अंगावर काळे-पिवळे रुंद पट्टे असतात आणि पाठीची कड उंच निघालेली असते, तिची कवड्याशी गल्लत होत नाही.)

दोघेही निशाचर, दोघेही घरात येतात, पण वेगवेगळ्या कामासाठी. कवड्या पालींच्या मागावर असतो. दिव्याखाली पाली जमतात, म्हणून तो भिंतीवर, कौलांत, मीटरच्या पेटीमागे, दाराच्या चौकटीत सापडतो. चढण्यात तो पटाईत आहे. मण्यार उंदीर, सरडे आणि दुसरे साप खाते, कवड्यासुद्धा. तिचा वावर जमिनीलगत: उंदरांची बिळं, विटांचा रचलेला थर, सांदवाडीत (परसात) टेकून ठेवलेल्या पऱ्हाट्या-तुराट्यांचा, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग, कुटाराचा (भुसकटाचा) कोपरा. भाव येईल म्हणून घरातच भरून ठेवलेल्या कापसात सरकीसाठी उंदीर येतात आणि उंदरांमागे पुढची पाहुणी येऊ शकते. तरी ‘भिंतीवर आहे म्हणजे कवड्याच’ असं धरून चालू नये. खडबडीत कुडावरून किंवा लोंबत्या चादरीवरून मण्यारही वर येते.

आता स्वभाव. कवड्याला डिवचलं तर तो चवताळतो, वळवळतो आणि हातात धरला तर हमखास चावतो. त्याचे पुढचे दात मोठे असतात. रक्त येतं, ओरखडे उठतात, घरात रडारड होते, आणि विष मात्र नसतं. मण्यार दिवसा सापडली तर वेटोळ्यात डोकं खुपसून पडून राहते, काठी लागली तरी बऱ्याचदा जागची हलत नाही. तिचं हे मवाळपण पाहूनच माणसं तिला हात लावतात. रात्री ती वेगळीच असते. जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेल्या माणसाचा हात अंगावर पडला की ती चावते, आणि झोपलेल्याला कित्येकदा जागही येत नाही. दात बारीक, सूज नाही, आग नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात मुरडा येतो, ओकारी होते, घसा धरल्यासारखा वाटतो, पापण्या जड होऊन खाली येतात. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. पुढे बोलता येत नाही, गिळता येत नाही, मग श्वास अडकू लागतो.

याच ठिकाणी मांत्रिकाची दुकानदारी उभी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कवड्या चावलेला, रक्ताळलेला, घाबरलेला माणूस त्याच्याकडे जातो, मंत्र होतो, कडुलिंबाचा पाला खाऊ घातला जातो आणि माणूस ठणठणीत घरी येतो. तो येणारच होता. ‘मण्यारीचं उतरवलं’ अशी कीर्ती मात्र पंचक्रोशीत पसरते, आणि पुढच्या वेळी खरी मण्यार चावलेला माणूसही आधी त्याच ओट्यावर नेला जातो.

म्हणून ओळख कशासाठी वापरायची हे पक्कं असावं. घरात दिसलेला साप मारायची गरज नाही हे कळण्यासाठी ती उपयोगी. दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवण्यासाठी अजिबात नाही. साप चावला, किंवा नुसता चावल्याचा संशय आहे, एवढं पुरेसं आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखीसोबत पापण्या उघडेनात, तर साप कुणीही पाहिलेला नसला तरी मण्यारच गृहीत धरावी. साप मारून किंवा पकडून डॉक्टरला दाखवायला न्यायची गरज नसते. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच आहे, आणि उपचार लक्षणं पाहून होतो.

आवळून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, चोखणं यातलं काहीही करू नये. चावलेला अवयव हलू न देता १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावं. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकते, पण मण्यारीच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. लस रक्तात फिरणारं विष निकामी करते. नसांच्या टोकांना झालेली इजा ती उलटवत नाही, ती भरून यायला दिवस लागतात. तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. त्यामुळे पहिली लस देऊन रुग्णाला व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं म्हणाले तर वाद घालू नये. अशा रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या, बाहुल्या विस्फारलेल्या, हातपाय निपचित. नातेवाईक आशा सोडतात. पण मेंदू अनेकदा शाबूत असतो, आणि श्वास टिकवला तर माणूस काही दिवसांनी उठून बसतो.

चावण्याआधीची वेळ असेल तर काम सोपं. लेकरं, कोंबड्या, कुत्रं बाजूला करा. एकाने दुरून सापावर नजर ठेवा. तो कुठे गेला हे माहीत नसणं जास्त धोक्याचं. सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जो सर्पमित्र साप गळ्यात घालून व्हिडिओ काढतो, त्याला मी तरी बोलावणार नाही. साप मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे हे तर आहेच, पण मारायला जाणाऱ्यालाच दंश होण्याचा धोकाही असतो.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. खेड्यात मण्यारीपुरता सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खाट आणि मच्छरदाणी. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंशाचा धोका कमी आढळला होता. खाट नसेल तर जमिनीवरच्या अंथरुणावरही ती चालते, फक्त चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी. पऱ्हाट्यांचा ढीग झोपायच्या खोलीच्या भिंतीपासून लांब न्यावा. रात्री बाहेर किंवा शेतात जागलीला (राखणीला) जाताना बॅटरी आणि बूट घ्यावेत, आणि सकाळी ते बूट झटकूनच पायात घालावेत.