भाजलेला हात उघडा ठेवल्याने लवकर बरा होतो का?

भाजलेल्या हाताला हवा लागू द्यावी, म्हणजे जखम सुकून खपली धरते आणि लवकर भरते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असला तरी तो चुकीचा आहे. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. कारण कोरड्या खपलीखाली नव्या पेशींना सरकायला सहज वाट मिळत नाही.

हाताच्या बाबतीत मात्र नुसते झाकणे पुरत नाही. सगळी बोटे एकत्र गुंडाळली, तर सोललेले पृष्ठभाग एकमेकांना चिकटू शकतात आणि सांधे आखडतात. म्हणून प्रत्येक बोटाला न चिकटणारी जाळीदार पट्टी वेगळी बांधतात. काही ठिकाणी मलम लावून हात स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत सैल ठेवतात, ज्यामुळे बोटे हलवता येतात. अर्थात, त्याआधी अंगठ्या काढून हात 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायला हवा, आणि हाताचे खोल भाजणे डॉक्टरांनाच दाखवावे.