तंबाखूच्या पाइपातला काळा लेप म्हणजे फसवणूक?
"पाइपाच्या वाटीत काळा लेप दिसला का समजायचं, लाकडाची भेग लपवली," असं आमच्या इकडचे जुने शौकीन पारावर अजूनही सांगतात, पण ते अर्धंच खरं हाय. भेग लपवता येते, नाई असं नाई, पण चांगले कारागीरही लेप देतात, काहून का ब्रायर, ज्याचा पाइप बनते, ते शेवटी लाकूडच, चिलमीसारखी भाजलेली माती नाई, नव्या पाइपात जोरात झुरके मारले तं आतून जळते, अन् तंबाखू जळून आत कार्बनचा थर जमेपर्यंत लेपाचा तेवढाच आधार (कॅन्सरपासून कोणताच लेप वाचवत नाई, ते येगळं). आता लेप कशाचा ते पाहा बावा! कोळशाची पूड ताकात कालवून लावलेला बरा, थर लवकर धरते. सोडियम सिलिकेटचा काचेसारखा कडक, सुरवातीला चव बिघडवते. मले तं कोरं लाकूडच आवडते, फक्त सुरवातीला हळू ओढा लागते.