शेवटचा बदल : फायलीची तारीख, मजकुराची तारीख

नागपूर मेट्रोच्या खापरी–सीताबर्डी टप्प्याचं उद्घाटन ७ मार्च २०१९ ला झालं. ११ डिसेंबर २०२२ ला उरलेले टप्पे खुले झाले आणि गाडी ऑटोमोटिव्ह चौक, प्रजापतीनगरपर्यंत धावू लागली. मेट्रोने कुठे जाता येतं हे सांगणारं २०१९ चं एखादं पान २०२२ मध्ये दुरुस्त केलं, पण वर जुनीच तारीख राहिली, तर वाचणारा ते शिळं समजून पुढे जातो. प्रसिद्धीची आणि शेवटच्या बदलाची, अशा दोन तारखा दाखवण्याची गरज इथून येते.

वेबवर बदलाची तारीख आधी फायलीची होती. मे १९९६ मध्ये लिहून प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांत, ‘लास्ट-मॉडिफाइड’ हे हेडर (पानासोबत जाणारी माहितीची नोंद) आहे. ते वाचकासाठी नव्हतंच. पान बदललं नसेल तर सर्व्हरने ३०४ (‘बदल नाही’) एवढाच निरोप द्यावा आणि ब्राउझरने आपल्याकडची प्रत वापरावी, यासाठी होतं. नेटस्केप ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट या भाषेने तीच तारीख ‘डॉक्युमेंट.लास्टमॉडिफाइड’ म्हणून खुली केली आणि पानांच्या तळाशी तारखा झळकू लागल्या. त्यात महिना आधी येतो. म्हणजे ७ मार्च २०१९ हे ०३/०७/२०१९ असं दिसतं आणि आपल्याकडे कुणीही ते ३ जुलै वाचेल.

खरा घोळ पुढे झाला. पानं तयार फाइल न राहता सर्व्हरवर पीएचपी या भाषेतून दर वेळी तयार होऊ लागली, तसं हे हेडर बहुतेक ठिकाणी जाईनासं झालं. हेडर नसेल तर जावास्क्रिप्ट चालू क्षणाची वेळ देते. त्यामुळे चार वर्षं न शिवलेलं पानही ‘आजच बदललं’ म्हणतं. जुन्या साइटवर ही जावास्क्रिप्टची ओळ अजून असेल तर काढून टाकावी.

तारीख मग डेटाबेसात गेली. साइट चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीच्या टेबलात ‘पोस्ट_डेट’ आणि ‘पोस्ट_मॉडिफाइड’ असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, दोन्ही वेळा सेकंदांत घेऊन तुलना करतात आणि वेगळ्या असल्या की दुसरी छापतात. अनेक थीममध्ये ही अट ‘समान नाही’ अशी असते, आणि तिथेच गडबड होते. लेख पुढच्या वेळेला लावून ठेवला, तर शेवटचं सेव्ह प्रसिद्धीच्या आधीचं असतं. मग पानावर प्रसिद्धीच्याही आधी ‘अद्ययावत’ झाल्याची तारीख येते. अट ‘पेक्षा मोठी’ अशीच हवी, तीही ८६,४०० सेकंदांची, म्हणजे एका दिवसाची, सूट देऊन. नाहीतर दहा मिनिटांनी सुधारलेली वेलांटीसुद्धा ‘अद्ययावत’ ठरते.

साइटचं वेळक्षेत्र यूटीसीवरच (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) राहिलं असेल तर आणखी एक घोटाळा. कळमना बाजाराचे संत्र्याचे भाव पहाटे ५ वाजता बदलले, की पानावर आदल्या रात्रीचे साडेअकरा दिसतात. सेटिंगमध्ये ‘कोलकाता’ निवडलं की प्रश्न मिटतो. महिन्याचं नाव मराठीत हवं असेल तर पीएचपीचं साधं ‘डेट’ वापरू नये, ते इंग्रजीच देतं. वर्डप्रेसचं ‘डब्ल्यूपी_डेट’ साइटची भाषा पाहतं. आकडे मात्र तेही देवनागरीत करत नाही, ते वेगळे बदलावे लागतात.

फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनातून साइट बांधणाऱ्यांकडे फायलीची तारीख वेगळ्या रूपात परत आली. गिट फायलींच्या वेळा जपत नाही; क्लोन केलं, म्हणजे सगळ्याची प्रत उतरवून घेतली, की सगळ्या फायली त्याच क्षणाच्या. म्हणून ह्यूगोसारखी साइट बांधणारी साधनं कमिटची, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाची, तारीख घेऊ शकतात. पण साइट बांधणाऱ्या बिल्ड सर्व्हरने फक्त शेवटचं कमिट आणलं असेल, तर सगळ्या पानांवर एकच तारीख उमटते. पूर्ण इतिहास आणायला सांगावं लागतं.

‘बदल’ कशाला म्हणायचं, हे साइटवरच्या नव्या मजकुराची यादी (फीड) देण्यासाठीच्या, डिसेंबर २००५ च्या ॲटम मानकाने सर्वांत नेमकं सांगितलं : प्रकाशकाला महत्त्वाचा वाटेल तोच. त्यात ‘अपडेटेड’ सक्तीचं, ‘पब्लिश्ड’ ऐच्छिक. डेटाबेसाला हा विवेक नाही. लेखाचा नुसता वर्ग बदलून ‘अपडेट’ दाबलं तरी तारीख पुढे सरकते. गूगलही साइटमॅपमधलं (शोधयंत्रांसाठीच्या पानांच्या यादीतलं) ‘लास्टमॉड’, म्हणजे बदलाची तारीख, सातत्याने खरं आढळलं तरच धरतं.

आमच्या मते लेखासोबत ‘आशय तपासल्याची तारीख’ असं स्वतंत्र, हाताने भरायचं फील्ड ठेवावं. ते भरलं असेल तर टेम्प्लेटने तेच छापावं, रिकामं असेल तर फक्त प्रसिद्धीची तारीख. आणि स्कीमाच्या (शोधयंत्रांसाठी पानात लपवलेल्या माहितीच्या) ‘डेटमॉडिफाइड’मध्ये व साइटमॅपमध्येही तीच तारीख जावी.